पहिल्यांदा काळा दोरा घेऊ नये

बाबा,

तुमच्या नातीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशा लावलाय. तिच्या बाईंनी वहीत नुसतं 'क्रोशाचे साहित्य आणणे' एवढंच लिहून पाठवलं. म्हणून काल आम्ही दोघी मुरबाडच्या बाजारात कटलरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक मोठं पाकीटच समोर टाकलं. त्यात लहानमोठ्या सुया, रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे, टेप, कात्री, आणि कशाला लागतात ते त्यालाही सांगता येईना अशा प्लास्टिकच्या चकत्या. "ताई, नवीन शिकणारे सगळे हेच नेतात," तो म्हणाला. पोरगी हरखली. आणि मी, जिने उभ्या जन्मात क्रोशाची सुई धड धरलेली नाही, ते पाकीट बाजूला सारून म्हणाले, "एक सुई द्या, मधल्या जाडीची, दांडी गुळगुळीत. आणि सुती दोरा द्या, तोही मधलाच, पीळ न सुटणारा, फिक्या रंगाचा. कात्री घरात आहे. बस." दुकानदार चकित होऊन म्हणाला, "तुम्ही क्लास घेता का?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या बाबांनी चुकीचं सामान सगळं आधीच घेऊन ठेवलंय." त्याला काही कळलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत एकटीच हसत होते, आणि तुमची नात माझा हात ओढून म्हणत होती, आई, लोक बघतायत.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. छातीत कळ आली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत गेलात. तोंड मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं, हे शहापूरच्या डॉक्टरांनी आईला मुद्दाम सांगितलं होतं. सगळं तोंडावरूनच तर सुरू झालं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, आपण भातसानगरला क्वार्टरमध्ये राहायचो आणि तुम्ही धरणावर फिटर होतात. त्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तुमच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा आईला आणि मला दाखवला आणि म्हणाले, तंबाखू आज सोडली तर हा चट्टा जाईल, नाही सोडली तर माणूस जाईल. घरी आल्यावर तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आईच्या हातात दिलीत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. मी ठरवलं की आता या घरात फौजदार मीच. रोज तुम्ही कामावरून आलात की मी तुमच्या शर्टाचा खिसा हुंगायचे, आणि तुम्ही चोरासारखे दोन्ही हात वर करून उभे राहायचात.

तोंडाने मुकाट्याने ऐकलं. हातांनी ऐकलं नाही. इतकी वर्षं डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्याने मळायची सवय, ती जाणार कुठे? तुम्ही रिकामाच तळवा मळायचात, वर थाप मारायचात आणि मग हातात काहीच नाही हे बघून रागवायचात. मग जे सापडेल ते मळायला लागलात. चण्याची सालं मळलीत, तुळशीची पानं मळलीत, शर्टाची बटणं पिळून पिळून तोडलीत. एकदा आई डाळ निवडायला बसली होती, तर तुम्ही शेजारी बसून मूठभर तूरडाळ मळायला घेतलीत. आई म्हणाली, "अवो, ती आमटीची डाळ हाय. तिला मळून काय करता? ठेवा खाली." तुम्ही म्हणालात, "हाताला काय तरी काम पायजे गो. नायतर हे हात मला परत तिकडं नेतील." हसण्यावारी नेलं आम्ही, पण त्या रात्री आई जेवली नाही. तिला कळलं होतं की हे हात खरंच घात करतील.

उपाय सापडला तो शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंच्या ओट्यावर. काकू तिथे बसून टीव्हीवर टाकायचा रुमाल विणत होत्या, आणि तुम्ही कामावरून येताना थबकून त्यांच्या बोटांकडे बघत राहिलात. इतका वेळ बघत राहिलात की काकूंनी पदर सावरला. मग तुम्ही विचारलंत, "ह्याला दोनी हात लागतात ना? सारके?" काकू म्हणाल्या, "सारखे." "मंग सामान काय काय लागतं?" काकू हसून म्हणाल्या, "भाऊजी, सुई आणि दोरा. अजून काय लागणार?" पण तुम्ही फिटर. दोन वस्तूंत उरकेल असं काम जगात असतं यावर तुमचा विश्वासच नव्हता. घरी येऊन मला म्हणालात, काकूंनी काय तरी लपवलंन.

मग रविवारी आपण दोघं शहापूरच्या बाजारात. मला बरोबर घेतलंत ते माझ्या आडून खरेदी करता यावी म्हणून, हे मला दुकानात शिरल्यावर कळलं. बांगड्या, रिबिनी, फॉल, लेस, आणि त्या सगळ्या बायकांच्या गर्दीत तुम्ही खाकी पँटीत उभे. दुकानदाराने विचारलं, "क्रोशाची सुई कोणाला?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मशीनला." दुकानदार म्हणाला, "कुठल्या मशीनला क्रोशाची सुई लागते?" तुम्ही म्हणालात, "धरनाच्या." आणि वरच्या खिशातून व्हर्नियर काढून एकेका सुईची जाडी मोजायला लागलात. बायका बांगड्या सोडून तुमच्याकडे बघायला लागल्या. मी बांगड्यांच्या रॅकमागे गेले. तुम्ही सगळ्यांत बारीक सुई निवडलीत, कारण हत्यार जेवढं बारीक तेवढं काम साफ. मग दोऱ्याची पाळी आली. वायर रोप तपासावा तसा तुम्ही दोरा दोन मुठींत धरून हिसका दिलात. तुटला. दुसरा घेतलात, तोही तुटला. तिसऱ्याला दुकानदाराने तुमचा हातच धरला. "साहेब, रुमाल विणायचा की धरणाचा दरवाजा उचलायचाय?" तुम्ही मला बाहेर आणून गंभीरपणे म्हणालात, "ह्या दोऱ्याचा भरवसा नाय."

आणि मग तुम्ही तंगूस घेतलंत. बाजाराच्या टोकाला जाळी आणि गळ विकणारा बसायचा, त्याच्याकडून, मासे पकडायचं नायलॉनचं तंगूस. मोठा कटला लागला तरी तुटणार नाही याची त्याने खात्री दिली, आणि तुम्ही समाधानाने मान हलवलीत. घरी येऊन सुईला मशीनचं तेल लावलंत, कारण सरकणाऱ्या वस्तूला तेल पाहिजेच, आणि साखळी घालायला बसलात. तंगूस दिसेना. दिसलं तर धरवेना. एक टाका घातला की मागचा टाका आपसूक सरळ होऊन उभा राही. आई भाकरी थापता थापता बघत होती. म्हणाली, "त्यापरीस मासाच आनायचा व्हता, कालवन तरी झालं असतं." तुम्ही चिडून सगळं गुंडाळलंत, आणि तुमचा अंगठा पुन्हा तळव्यावर गेला. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा बाजारात गेले आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुती दोरा आणला. तुम्ही सांगितलं होतंत काळा, कारण काळ्यावर ग्रीस दिसत नाही. काळ्यावर ग्रीस दिसत नाही हे खरंच, पण काळ्यावर काहीच दिसत नाही. सुई कुठल्या घरात घालायची ते दिसेना, तुम्ही दारात उन्हाला जाऊन बसलात, चष्मा बदललात, शेवटी कामावरची बॅटरी तोंडात धरून विणायला लागलात. तेवढ्यात काकू साखर मागायला आल्या. त्यांनी आधी तेलकट सुई पाहिली, मग काळा दोरा, मग तुमच्या तोंडातली बॅटरी. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो भाऊजी, पहिल्यांदा काळा दोरा घेतं का कोणी? आणि ही सुई मुरलेल्या बायकांची. मधली सुई घ्या, फिका दोरा घ्या, चूक दिसली पाहिजे. चूक दिसली तर उसवता येते." आणि आपल्या डब्यातली एक सुई आणि मोतिया रंगाचा अर्धा गुंडा तुमच्या पुढ्यात ठेवला. आई आतून साखर घेऊन आली तेव्हा तुमची पहिली साखळी चालू झाली होती. जीभ जराशी बाहेर, भुवया आकसलेल्या, आणि दोन्ही हात कामात.

महिनाभरात तुम्ही मुका खांब आणि लांब खांब हे क्रोशाचे टाके शिकलात. बाहेर मात्र कळता कामा नये. कामावरून आलात की दार लावून बसायचात आणि कडी वाजली की सगळं सुपाखाली. कॉलनीत अर्थातच बोभाटा झाला की फिटर तंबाखू सोडून दारूला लागला, आणि घरात एकटाच पितो. एका संध्याकाळी तुमच्या बरोबरचा गेट ऑपरेटर कागदात खारे शेंगदाणे बांधून आला आणि डोळा मारून म्हणाला, "एकटा एकटा नको रे. आमालाबी बोलाव." तुम्ही दार लावून घेतलंत आणि सूप उचललंत. तो त्या रुमालाकडे बघत बसला. शेंगदाणे त्यानेच खाल्ले. जाताना म्हणाला, "माज्या सायकलीच्या सीटला येक कवर करशील?" तुम्ही केलंत, झालर लावून. चार लोकांनी टिंगल केली तेव्हा तो म्हणाला, घरवालीनं केलंय. त्याची बायको महिनाभर कॉलनीत ऐटीत फिरत होती.

दर तपासणीला चट्टा लहान होत गेला. माझं लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, गेला. त्या दिवशी आई रडली, आणि तुम्ही रुखवताचं तोरण सुरू केलंत. माझ्या रुखवतावर क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, तांब्याचं झाकण, सगळं तुमच्या हातचं. पण रुखवतावर पाटी मात्र आईने 'वधूच्या हातची कला' अशीच लावली. तशीच लावतात, म्हणाली. मुरबाडकडची वऱ्हाडी मंडळी आली, बायका रुखवताला भिडल्या, आणि आमच्या चुलत सासूबाईंनी तोरणाची कड बोटात धरून मला विचारलं, "हा कंगोरा कसा काडलास गो पोरी?" मी तुमचे शब्द ऐकलेले होते तेवढ्याच भांडवलावर म्हणाले, "मुक्या खांबांनी."

तुम्ही मागे पाण्याच्या पिंपाशी उभे होतात. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. एवढं एक वाक्य तुम्हाला गिळता आलं नाही. "मुक्या खांबाचा कंगोरा व्हतो का गो?" तुम्ही तिथूनच ओरडलात. "येका घरात पाच लांब खांब, मंग मुका खांब घिऊन उतरायचं! किती येळा सांगतलं!" आईने डोळे मिटले. चुलत सासूबाईंनी तुमच्याकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, मग पाटीकडे. "व्याह्यांनी केलाय?" तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, "मीच केलंय." त्या म्हणाल्या, "मंग पोरीला काय येतं?" मला वाटलं, आता माझं लग्न मोडणार, तेही एका कंगोऱ्यावरून. आणि तुम्ही पुढे येऊन म्हणालात, "तिला राखन करता येते. तंबाखूनं मी मेलो असतो. ह्या पोरीनं रोज माजा खिसा तपासला. तुमच्या घरातलं मानूस ती असंच राखेल. क्रोशा काय, कोनाला पन येतो."

चुलत सासूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी तुम्हाला तिथेच खाली बसवलं, कोणी तरी सुई आणली, बायकांचं कोंडाळं झालं, आणि तिकडे भटजी माईकवरून ओरडतायत की मुलीचे वडील कुठे आहेत, कन्यादानाला या. मामा तुम्हाला शोधत संडासापर्यंत जाऊन आला. तुम्ही सापडलात ते बायकांच्या मधोमध, फेटा गुडघ्यावर, दुसरा कंगोरा चालू. अजून आमच्याकडे लग्नात कोणी हरवलं की म्हणतात, रुखवताकडे बघा.

नातीची साखळी आत्ता तिसऱ्यांदा उसवली. फिका दोरा आहे, त्यामुळे चूक दिसते आणि ती तक्रार न करता पुन्हा घालते. मला शिकव म्हणते. मी म्हटलं, मला येत नाही. हे लिहून झालं की कागद मी माझ्या साड्यांखाली ठेवणार आहे, कारण टाकायला पेटी नाही आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. एक गोष्ट तिलाही माहीत नाही.

पाठवणीच्या वेळी सगळे मला धरून रडत होते आणि तुम्ही कुठेच नव्हतात. जीप निघाली तेव्हा मला तुम्ही दिसलात. मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या चुलीपाशी, एकटे. डावा तळवा उघडा, त्यावर कोणाकडून तरी मागून घेतलेली चिमूट, आणि उजवा अंगठा मळत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि अंगठा मळत होता. मी जीपमधून ओरडायला तोंड उघडलं. एवढी राखण केलेली, एक हाक मारली असती तरी तुम्ही ती चिमूट टाकून दिली असतीत. जीप वळली, तुम्ही ती तोंडात टाकलीत की मातीत, हे मी पाहिलं नाही आणि नंतर तुम्हाला कधी विचारलंही नाही. पण हाक मात्र मी मारली नाही, बाबा. मला वाटलं, आज खाऊ दे.