बाबांची बरणी आणि खोडलेले कलम

मी, पाइपच्या तंबाखूचे हे दुकान चालवणारी, वय वर्षे चोपन्न, चौथी पास, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाखाली नसताना, माझ्यामागे काय कोणाला द्यायचे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मंगळवारी माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "घाबरायचं काही नाही." मग तीन कागदांवर सह्या कशाला घेतल्या, ते सांगत नाहीत.

एक. मागच्या खोलीतले कपाट, पलंग, माझ्या बांगड्या आणि बँकेत असेल ते भावजयीला. तिच्या नवऱ्याशी माझे बोलणे नऊ वर्षे बंद आहे, तरी ती दर आठवड्याला येते. मी टाकून बोलले तरी चहा पिऊनच जाते.

दोन. तागडी, वजने आणि काचेचा रुंद वाडगा दुकानासोबत राहतील. त्या वाडग्यात कोणी पीठ मळू नये. सुकलेली तंबाखू पुन्हा मऊ करायचा तो वाडगा आहे. ज्याला दुकान मिळेल त्याने नीट वाचावे. तंबाखू वाडग्यात पातळ पसरायची. ओले करून घट्ट पिळलेले फडके वर ताणून बांधायचे, ते तंबाखूला टेकता कामा नये. दर दोन तासांनी हाताने खालीवर करायची. चिमटीत दाबून सोडली आणि हळूच फुलली, की झाली. मग बरणीत भरून दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी शिंपडायचे नाही, सफरचंदाची फोड टाकून विसरायचे नाही. गिऱ्हाईक "झाली का, झाली का" करत डोके खाते. खाऊ द्या. मला जन्मात कशासाठी थांबता आले नाही, बस दिसली नाही तर मी पायी निघते. पण इथे घाई केली की बुरशी ठरलेली.

तीन. दुकान माझ्या धाकट्या भावाला कदापि मिळू नये. बाबांनी स्वतः मिसळलेली शेवटची बरणी सुकून पार भुसा झाली होती. बाबा अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "एकदा ओढून बघतो गं." या दीडशहाण्याने तिला किटलीची वाफ दिली. चार दिवसांनी झाकण उघडले तर आत पांढरी लव. बाबा रिकामा पाइप दातात धरून गेले.

(वरचे तीन नंबरचे कलम खोडले आहे. खोडलेले वाचता येते ते तसेच राहू द्यावे.)

झाले असे, की साक्षीला बोलावलेल्या समोरच्या घड्याळवाल्यांनी हे वाचले आणि चष्मा काढला.

"बाई, त्या बरणीत फोड कुणाची होती?"

"कसली फोड?"

"बरणी धुवायला माझ्या नळावर आला होतात. सफरचंदाची फोड पडली आतून. काळी ठिक्कर."

"आणि नऊ वर्षं गप्प बसलात?"

"तुमच्याशी बोलायची सोय असते का कधी?"

फोड मी टाकली होती. भावाने वाफ दिली ती दोन मिनिटे, आणि नंतर तंबाखू पसरून वाफेचे पाणी नीट सुकू दिलेही होते. दम मला निघेना. लवकर मऊ व्हावी म्हणून गुपचूप फोड टाकली आणि काढायची विसरले. लव फोडीभोवतीच होती, मी डोळ्यांनी पाहिले. पण किटली त्याच्या हातात सगळ्यांनी पाहिली होती. तो एकदाच म्हणाला, "ताई, माझ्यामुळे नाही झालं." मी म्हटले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." आणि त्याने नाही दाखवले, गाढव कुठला.

तीन (नवे). दुकान धाकट्या भावाला.

चार. बाबांच्या चामडी बटव्याच्या तळाशी एक पाइप भरेल एवढी तंबाखू उरली होती. तिला हात लावायची माझी छाती झाली नव्हती. आज सकाळी ती वाडग्यात पसरली आहे. संध्याकाळी बरणीत जाईल आणि मंगळवारी उघडायची, तेव्हा मी नेमकी टेबलावर. भावाने येऊन उघडावी, बाबांचा पाइप भरावा आणि पेटवावा. त्याला ठसका लागेल. लागू दे.

घड्याळवाले म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. मला तेवढे थांबायचे नाही. भावजय आता येईलच. तिने हा कागद आजच त्याला नेऊन द्यावा, चहा नंतर प्यावा.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: चौदा, रविवार, दुपार

(सही) लिहिणारी, त्याची ताई

साक्षीदार, खोडाखोडीसह:
१. (सही) समोरचे घड्याळवाले
२. (अंगठा) शेजारची शिंपीण, तिला सगळे वाचून दाखवले आहे