माझ्या नावावरचा पाय

बुधवार, जेवणाची सुट्टी

दादास,

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुला काही नाही. चारचौघांत "हिचं काय, दवाखान्यात ताटल्या घासते" म्हणालास, वर रविवारपासून फोन उचलत नाहीस! म्हणून हे पत्र. चुका काढत बसू नकोस, चौथीपर्यंतच शिकलेय.

हो, घासते ताटली. पोलादाची, तळहाताएवढी, तिच्यावर शहाण्णव ठिपके. एकेका ठिपक्यावर एकेका रोग्याचा जंतू लावतात. एक ठिपका नीट धुतला नाही, तर कालच्याचा रोग आजच्याच्या माथी! म्हणून ती माझ्याशिवाय कोणाच्या हाती देत नाहीत. कळलं?

आणि ते यंत्र! अरे दादा, काय सांगू! ताटली आत गेली की सगळी हवा ओढून घेतं नि ठिपक्यावर लेसर मारतं. जंतूचे कण उडतात, लांब नळीतून धावत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागून. त्या वेळेवरून वजन कळतं. पडद्यावर टोकंच टोकं उमटतात, प्रत्येक जातीची वेगळी. जिन्यात पावलं वाजली की बाबा आले का तू, ते आपल्याला न बघता कळायचं ना? तस्सं! रोग्याचा जंतू आधी काचेच्या बशीत वाढवतात, एक-दोन दिवस; तो वाढला की पाच मिनिटांत नाव. पूर्वी नुसत्या नावाला दिवस जायचे. बाबांच्या तापाचं नाव कळेपर्यंत आठवडा गेला, आणि जिना मुका झाला.

आज मी पडद्यासमोर का ताटकळले होते, ते सांगते. ओरडू नकोस.

रविवारी तुझ्या पायाची पट्टी बदलताना तू तोंड फिरवून बसला होतास. मी कापसाच्या काडीवर पू घेतला, नळीत घातला आणि, तू काही दवाखान्यात यायचा नाहीस म्हणून, सोमवारी चिठ्ठीवर माझं नाव नि 'पायाची जखम' लिहून तपासायला दिला.

आज नाव आलं. स्यूडोमोनास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताटली मळकी असेल."

"माझी ताटली? पुन्हा लावा!"

पुन्हा लावलं. तेच! माझी ताटली स्वच्छ ठरली, मी टाळीच वाजवली. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता?" तुझ्या उशाशी असतात त्यांचं नाव सांगितलं, महिना झाला म्हणाले.

"या जातीला त्या लागूच होत नाहीत, बाई. महिनाभर पाणी पीत होतात. जखम दाखवा. हाडात शिरलं तर पाय जाईल."

मी पायमोजे वर ओढून उभी! सगळे माझ्याच पायाकडे बघतायत. जखम दाखवेपर्यंत मला ताटलीला हात लावू देणार नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा ती दुसरं कोणी घासतंय, आणि कोपरे सोडतंय.

खोटं मी कबूल करणारच आहे, पण पाय समोर ठेवून. नोकरी जायची तर जाऊ दे. तू घाबरतोस, मला ठाऊक आहे. अरे, चोराचं नाव कळलंय, आता कसली भीती! लागू पडणारं औषध आहे, म्हणाल्यात.

आमच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तुझ्याच गल्लीत राहतो, हे पत्र त्याच्या हाती देतेय. शुक्रवारी सकाळी आठला तो दारात थांबेल. गाडीत बस, नाहीतर 'नाही' असं तुझ्या हातानं लिहून दे. शुक्रवार, आठ. त्यापुढे कुठलीही सबब मी ऐकणार नाही.

तुझा पाय नावावर घेऊन बसलेली,
धाकटी