वूफरची घरघर

प्रिय न्हान,

नववर्षाला तू आलीस काय आणि अगरबत्ती विझायच्या आत निघालीस काय! तुझ्या सासूबाईंनी तुझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात तसाच राहिला आणि त्यावरून अजून माझंच डोकं खाल्लं जातंय. बिएन होआच्या बुटांच्या कारखान्यात सुट्टी कमी असते, हे मी त्यांना सांगितलं. पण पोरी, तू काहीतरी सांगायला आली होतीस आणि ते ओठांवरच राहिलं, हे मला दिसलं होतं.

तू आपल्या लुआनच्या तसबिरीपुढे हात जोडलेस, रिवाजाप्रमाणे एक गाणं म्हणायला त्याचं कराओके लावलंस आणि गाण्याआधीच तो मोठा वूफर घुमायला लागला. सासूबाई हरखल्या. "ऐकलंस? असाच हुंकारायचा गाण्याआधी! बायको आली म्हणून बोलतोय." त्या प्रेमानंच म्हणाल्या गं. तुझा चेहरा मात्र पांढराफटक पडला. माईक खाली ठेवून तू चपला शोधायला लागलीस.

लुआन होता तेव्हा वूफर कधी असा घरघरला नाही. पोरगा बेसूर, पण यंत्र सुरेल. कालव्यापलीकडची बाय काकू ओरडायची, "लुआन, माझ्या बदकांनी अंडी द्यायची सोडली रे!" की हा आवाज आणखी वाढवायचा. घरघर सुरू झाली ती त्याच्या मोटारसायकलच्या अपघातानंतर, घरात त्याची तसबीर लागल्यावर. जन्मभर पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त केलेला मी, पण मीसुद्धा रोज संध्याकाळी नुसता वूफर लावून बसायचो. विचारायचो, जेवलास का रे?

तू गेल्यावर मात्र मी हत्यारं काढली. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारी तार उपसली, तर घरघर बंद. म्हणजे वूफरचा खोका धडधाकट होता. नवी तार घातली, पुन्हा तेच. एकदा फ्रिज बंद करून पाहिला, सासूबाईंचे मासे पाघळले आणि मी यथेच्छ बोलणी खाल्ली. शेवटी वायरमन तोआनला बोलावलं. त्यानं बोर्डातली पंख्याची पिन काढली, टीव्हीची काढली आणि तसबिरीपुढच्या विजेच्या लाल दिव्याशी येऊन हात जोडले. "काका, हा नाही हं माझ्याच्यानं."

त्याचं तरी काय चुकलं? आपल्यात हा दिवा कोण विझवतो? धाकट्याची जागा पूर्वजांच्या खाली असावी म्हणून लुआनला आपण त्या कपाटावरच बसवलं, ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आहे. दिव्याची वायर गेली त्याच बोर्डात. तिला हात लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, माफ कर रे पोरा, आणि दिव्याची पिन ओढली. घरघर थांबली. पिन लावली, सुरू झाली. पुन्हा ओढली, पुन्हा थांबली. मी वेड्यासारखा तेच करत राहिलो. न्हान, अपघाताच्या दिवशी मी रडलो नव्हतो. तेव्हा तुम्हा दोघींना सांभाळायचं होतं. त्या दुपारी मात्र जमिनीवर बसून मोठ्यानं रडलो. माझा लुआन त्या दिवशी पुन्हा एकदा गेला.

दिवा मी होता तसा लावून ठेवला. वूफर घुमला की सासूबाई अजून स्वयंपाकघरातून म्हणतात, "आले रे बाळा." मी त्यांना काही सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

पण तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र. तुझ्यामागोमाग मी घाटापर्यंत आलो होतो. फेरीबोटीपाशी संत्र्यांची पेटी धरून उभा असलेला तो चष्मेवाला मुलगा मी पाहिला. तू रडत होतीस आणि तो बिचारा पेटी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघत होता. चांगला वाटला मला. त्याला घरी आणायचं होतं ना? आणि लुआन रागावला असं वाटून तू परत फिरलीस. तो रागावला नव्हता, बाळ. तो स्वस्तातल्या दिव्याचा आवाज होता, मी एकेक वायर या हातांनी तपासली आहे. लग्न कर. लुआनच्या वर्षश्राद्धाला त्या मुलाला घेऊन ये, घाटावर उभा करू नकोस. वूफर घरघरेल. घाबरू नकोस, गाणं म्हण. लुआन नाही गं तिथे. मी बघितलंय.

इतके दिवस सासरा होतो, आता माहेर समज.

तुझाच,
बाबा