नेवेनकाचं जावळ

४ मे
आलो एकदाचे. होमोल्येच्या डोंगरातल्या या घरामागे ऐसपैस हिरवळ आहे, नाशपातीचं झाड आहे आणि माझी चिमुकली लेक नेवेनका सकाळपासून गवतात लोळतेय. सोमवारपासून शाळेत रुजू व्हायचं. नवरा गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर हसले. शेजारचे स्वेतोलिककाका रकियाची, म्हणजे घरगुती दारूची, बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, हिरवळ झकास आहे, पण ती तुमची नाही हं, रानडुकरांची."

९ मे
काकांचं खरं निघालं. निम्मी हिरवळ नांगरल्यासारखी उलटलीय. काकांनी उकिडवं बसून शिकवलं: कोल्हा लहान खड्डे करतो, डुक्कर मात्र गवताची वळकटी करतं आणि दुभंगल्या खुरांचे ठसे ठेवून जातं. ठसे होतेच. उपाय म्हणून न्हाव्याकडचे केस जुन्या मोज्यांत भरून टांगायला सांगितले. माणसाच्या वासाला डुक्कर बिचकतं म्हणे.

१७ मे
मोजे टांगल्यापासून डुकरं फिरकली नाहीत. फक्त नाशपातीच्या मोज्याला केस पुरले नाहीत. आज नेवेनकाचा कुम, म्हणजे धर्मपिता, व्लादेता आला होता. रीतीप्रमाणे त्यानंच नेवेनकाच्या काही बटा कापल्या, तेच इथलं जावळ. देवाच्या तसबिरीमागे जपून ठेव म्हणाला. त्यातलं मूठभर मी मोज्यात भरलं. केस ते केस.

२० मे
फक्त नाशपातीखाली उकरलंय. गवताचा थर सुरीनं कापावा तसा कापून पुन्हा जागेवर ठेवलेला. खूर नाही, पंजा नाही. काकांनी तो थर उचलून पाहिला, मग मोज्यात कुणाचे केस म्हणून विचारलं. सांगितल्यावर रागावले. "न्हाव्याच्या टोपलीतले केस कुणाचेच नसतात पोरी, म्हणून तर ते टांगायचे. लेकराचं जावळ टांगून तू त्याला वाट दाखवलीस." त्याला म्हणजे कुणाला, ते काही सांगेनात. छातीवर क्रूस काढून निघून गेले.

२१ मे
मोजा उतरवला. गाठ जशीच्या तशी, आत केस नाहीत. उकरलेला चर नाशपातीपासून नेवेनकाच्या खिडकीकडे निघालाय. तिखट पसरलं, चुना ओतला, काटेरी तार पुरली. काकांचा कुत्रा फाटकातच पोट टेकून बसला, आत येईना.

२२ मे
चर भिंतीखाली शिरला. नेवेनकाच्या उशीवर ओली माती. कानामागची बट गायब. विचारलं तर हसत म्हणाली, तो हुंगतो, गुदगुल्या होतात.
व्लादेताला फोन केला.

२३ मे
व्लादेता गाडीतून तिला घेऊन गेला. काचेला नाक लावून रडत होती. तो म्हणाला, तूही चल. नाही गेले. उरलेलं जावळ चुलीत जाळलं. माझी वेणी मुळापासून कापून नाशपातीला टांगली. त्याला माणूस हवंच असेल तर मी आहे. माझ्या पोरीला सोड.

२४ मे, दुपार
जमलं. चर वळला — माझ्या खोलीकडे.
जमिनीच्या फळ्या हलतायत. भीती वाटतेय, फार. पण ती लांब आहे, हे बरं झालं.

फळी उचलली. नाक — नुसतं नाक, मातीनं भरलेलं. माझे केस हुंगतंय —

थांबलं. मागे वळलं.

नाही — इकडे, अरे इकडे, मी तिची आई, एकच रक्त —

गवत फाटकाकडे उसवत चाललंय. रस्त्याकडे. गाडी गेली त्याच — व्लादेता फोन उचलत नाही — व्लादेता, उच