आतल्या टायरचं टोपण

दादा,

बसची किल्ली शोधू नकोस, ती माझ्या खिशात आहे. आजची शाळेची सहल मी रद्द केलीय. बाईंचा फोन आला तर मुकाट्यानं बोलणी खा, पण गाडी मिळणार नाही म्हणून सांग. मी टायरवाल्याला आणायला चाललोय.

आत हात पोचत नाही म्हणून बाबांनी मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरला हवेची नळी जोडून तिचं तोंड बाहेर काढलंय ना, त्याचं टोपण आज फिरेचना. गंजून घट्ट बसलेलं. शेवटी पकडीनं काढलं आणि मीटर लावला, तर हवा शून्य! सगळा भार बाहेरच्या एकट्या टायरवर. काल उतारावर याच गाडीत बेचाळीस पोरं होती, तुझी धाकटी धरून.

ते टोपण कित्येक महिन्यांत कुणी उघडलेलंच नाही, दादा. आणि रोजच्या हवा-तपासणीच्या वहीत मात्र रोज ‘आतला शंभर’!

तुला झोपेतून उठवून फैलावर घ्यायला तरातरा आत आलो, वही उघडली. एक दिवस तुझी सही, एक दिवस माझी.

मी तुझा आकडा बघून लिहीत होतो. तू माझा बघून लिहीत होतास ना?