अकरा जणांची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी विभागातून एक तरुण प्राध्यापिका आली. स्मरणिकेचं काम तिच्या गळ्यात पडलंय. विद्यापीठाच्या आमच्या लोकप्रशासन विभागाला या महिन्यात पन्नास वर्षं पुरी होतात. "काका, पहिल्या वर्षीच्या कचेरीतले तुम्ही एकटेच उरलात. दोन पानं द्या लिहून."

उरलात. डब्याच्या तळाशी काहीतरी उरतं तसं.

ही आतून म्हणाली, "दोनच हं. नाहीतर ते पहिलीच्या पुस्तकापासून सुरू करतील, कवितांसकट."

पोरगी हसली. जाताना कोनशिलेचा मसुदा दाखवला. "पहिले विभागप्रमुख व पहिल्या तुकडीचे शिक्षक" — आणि खाली साहेबांचं नाव. अक्षर बरं आहे म्हणालो. एवढंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन पानं काही होईनात. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा फाडलं.

इथे तरी खरं लिहितो. पहिल्या वर्षी साहेब नव्हतेच. नेमणूक झाली होती, पण आधीची नोकरी त्यांना सोडेना. आले ते वर्ष संपता संपता. तोवर शिकवलं ते भूगोलाच्या बाईंनी, शेजारच्या शाळेतल्या. शाळा सुटली की छत्री काखेत मारून यायच्या. वर्ग भरायचा विद्यापीठातल्या भूगोलाच्या खोलीत. कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या, खिडकीत पृथ्वीचा गोल, आणि चौथ्या बाकावर तिरकं ऊन. ते ऊन मला अजून दिसतं.

विद्यार्थी अकरा. मी लेखनिक, वय सव्वीस, दाराशी टेबल. पहिल्याच दिवशी बाईंनी अकराही जणांना रस्त्यावरचे नळ मोजायला पाठवलं. "पाणी घरापासून किती पावलांवर आहे हे चालून बघा. मग कारभारावर बोला." मीही गेलो होतो, काम टाकून. एकशे बारा पावलं.

साहेब आले. आठवड्याभरात मला बोलावलं. म्हणाले, "हजेरीपट नव्याने लिहा. तारखा त्याच, मुलं तीच, शिक्षक म्हणून माझं नाव. जुना जाळून टाका." चार दिवसांत लिहिला. माझं अक्षर चांगलं, तेच नडलं. साहेबांनी वर्षभराच्या सह्या एका बैठकीत केल्या. मान वर केली नाही. घाईत असतील, असं वाटलं.

बाई आपल्या शाळेत परत गेल्या. मी पुन्हा त्यांना तोंड दाखवलं नाही. साहेब वारले तेव्हा शोकसभेलाही गेलो नाही. चोराच्या सभेला काय जायचं, असं हिला म्हणालो होतो.

आता तेच दगडावर येणार. बाईंचं नाव कुठेच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

जुना हजेरीपट जाळला नव्हता. माझी कवितांची वही ती तीच.

डावीकडचं पान शेऱ्यासाठी कोरं असायचं. एवढा गुळगुळीत कागद! जाळणं जिवावर आलं. घरी आणला आणि शाळेत पाठ केलेल्या कविता आठवतील तशा त्या कोऱ्या पानांवर उतरवत गेलो. नियम एकच — न आठवलेली ओळ कोरी सोडायची, मनाचं घालायचं नाही. तेव्हा उजवीकडे अकरा जणांची हजेरी आणि खाली बाईंची सही, डावीकडे नावाडी, सुगरण, गाव सोडून निघालेला शिपाई. पन्नास वर्षं समोरासमोर बसलेत. नावाड्याच्या चौदा ओळी, त्यातल्या तीन अजून कोऱ्या.

पुरावा म्हणून हीच वही द्यावी लागणार. चारचौघांत फिरणार.

"फिरू दे की," ही म्हणाली. "मी जन्मभर ऐकल्या. त्यांनी एक दिवस वाचल्या तर काय बिघडतं?"

मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "कवितांचं निमित्त पुरे. आपल्या हातून झालं, हे सांगायची लाज वाटतेय."

तेही आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

नावाडीतली एक ओळ पहाटे अगदी ओठांवर आली होती. दात घासेपर्यंत गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वही दिली. सगळं सांगितलं.

विभागप्रमुखांनी चष्मा दोनदा पुसला. "कागद आहे म्हणजे प्रश्नच मिटला."

"कागद तर दुसराही आहे, तुमच्या कपाटात. तोही माझ्याच अक्षरातला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तेव्हा हे बाहेर आलं असतं, तर अकराही जणांचं वर्ष रद्द झालं असतं. बाईंना शिकवायला विद्यापीठाची मान्यता नव्हती ना. आता काय, सगळे निवृत्त झालेत." हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दगड नव्याने कोरणार. पहिल्या ओळीत बाई. समारंभात हे मीच सांगायचं, पाच मिनिटांत.

प्राध्यापिका फाटकापर्यंत सोडायला आली. पानांचे फोटो काढून वही लगेच परत दिली. "काका, नावाडीवाली अर्धवट का सोडलीत?"

"मी नाही सोडली. तीच सोडून गेली."

१५ नोव्हेंबर, शनिवार

निमंत्रण घेऊन बाईंकडे गेलो. नव्वदीला टेकल्यात. भाचीकडे असतात. खिडकीशी खुर्ची, मांडीवर भिंग.

"लेखनिक ना हो तुम्ही? अक्षर कसं आहे आता?"

"थरथरतं, बाई."

"माझंही. बसा."

एका दमात सांगून टाकलं, वर्गात कविता म्हणावी तसं. नजर खाली. भाचीने चहा ठेवला, तो निवून गेला.

"वही जाळली नाहीत म्हणजे?"

"नाही."

"आणि दगड?"

"कोरून झाला, बाई. तुमचं नाव पहिलं."

त्यांनी मांडीवरचं भिंग उचलून खिडकीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मग राहू दे आता."

केवढा मोठेपणा! एक वाकडा शब्द नाही. वही मात्र मागून ठेवून घेतली, आठवडाभर. गुडघे धरतात, समारंभाला येणार नाहीत.

परत येताना बसमध्ये उगाचच गुणगुणत होतो. शेजारच्याने जागा बदलली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झाला समारंभ. पाच मिनिटांची माझी नऊ झाली. जुना हजेरीपट, नवा हजेरीपट, जाळायचा हुकूम, माझं अक्षर — काही लपवून ठेवलं नाही.

त्या अकरांतले तिघे आले होते. एकाला ऐकू कमी येतं. तो मध्येच मोठ्याने म्हणाला, "अरे, बाईंनी नळ मोजायला लावले होते!" तेव्हा सगळे हसले. दगडावरचा पडदा सरला. बाईंचं नाव सुबक आलंय. उन्हात उठून दिसतं.

साहेबांची मुलगी पहिल्या रांगेत होती. वडिलांच्या वतीने सत्कार घ्यायला बोलावली होती म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा ती आपल्या हातांकडे बघत होती. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून गेली, चहाला थांबली नाही.

वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग चेहरा असा का?"

२३ नोव्हेंबर, रविवार

बाईंची भाची वही देऊन गेली. कोऱ्या ओळी सगळ्या भरल्यात, शिसपेन्सिलीने. नावाडीच्या तिन्ही.

शेवटच्या पानावर, अकरा नावांच्या खाली:

"हजेरीपट नव्याने लिहून घ्या, असं साहेबांना मीच सांगितलं होतं. नाहीतर मुलांचं वर्ष गेलं असतं. ते दोन दिवस सही करायला तयार नव्हते. लिहायला तुम्हालाच द्या, हेही मीच म्हटलं. तुम्ही कुणाला सांगणार नाही, अशी खात्री होती."

साहेबांची मुलगी कुठे राहते, ते उद्या विभागात विचारायचं.