नासेवूवाल्यांनी नेलेलं डुक्कर

७ फेब्रुवारी

डुक्कर नेलं! भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, बांबूला उलटं टांगून. माझ्या नवऱ्याच्या, मेलीच्या, शंभराव्या दिवसाच्या जेवणासाठी, तो गेल्यापासून मी स्वतः खाऊ घालून वाढवलेलं. डुकराशिवाय नवऱ्याचा शंभरावा केला तर या गावात तोंड दाखवायला नको. शेजारच्या नासेवू गावचा तो उलायासी पुढे, मागे त्याचे टगे. वर मलाच ओरडून — "मास्तरीणबाई, अगदी तुमच्या नवऱ्यासारखं आहे, नुसती चरबी!"

विधवेशी हे बोलणं!

आणि साकिउसा भावजी, मेलीचे सख्खे भाऊ, पायरीवर बसून खदाखदा हसत होते. "वहिनी, त्यांचा-आपला मूळपुरुष एक. ते लुटणार, शिव्या देणार, आपण हसायचं. पुढच्या खेपेला आपण त्यांचं उचलू की!"

मूळपुरुष एक असेल. डुक्कर माझं आहे.

८ फेब्रुवारी

संताप जात नाही. जन्मभर मुलांना शिकवलं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आणि इथे? लग्न होऊन या बेटावरच्या डोंगरात आले तेव्हापासून बघते — नासेवूवाले येतात, आमच्या अळूचे कंद उपटतात, तोंड सोडतात. मेलीला पुरताना हाच उलायासी खड्ड्यात वाकून म्हणाला होता, "ऊठ रे आळशा, प्यायला यांगोनाची मुळं कोण कुटणार?" सगळं गाव रडता रडता हसलं. मी नाही हसले.

११ फेब्रुवारी

खाली चौकीत जाऊन तक्रार दिली. हवालदारही दात काढायला लागला! "बाई, नासेवूवाल्यांनी तुमच्याकडून नेलं, ही चोरी कशी?" लिहूनच घ्यायला लावलं. वाटेत भावजी भेटले. हसले नाहीत.

१३ फेब्रुवारी

डुक्कर परत आलं. उलायासी टोपी काढून अंगणाबाहेर खाली बसला. इथल्या रीतीप्रमाणे भावजींपुढे मानाचा देवमाशाचा दात ठेवून त्याने माफी मागितली. मला म्हणाला, "मॅडम, आमची चूक झाली. पुन्हा त्रास होणार नाही." एक वाकडा शब्द नाही. शिस्त लावली की लागते!

भावजींनी दात घेतला. नंतर एवढंच म्हणाले, "वहिनी, माफी परक्यांची मागतात."

म्हणू देत.

२० फेब्रुवारी

शंभरावा झाला. नासेवूहून कोणी आलं नाही. पंगत मुकाट्याने जेवली. भावजी मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "येतो, मॅडम."